पाय चालू लागला, हात का नाही?

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या घरी महिना-दोन महिन्यांनी एक प्रश्न हमखास निघतो. "पाय तर बरा सुधारला, काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. पण हात अजून तसाच लोंबतोय. असं का? आणि तो कधी येणार?"

या प्रश्नाच्या उत्तरात तीन गोष्टी येतात: मेंदूची रचना, दुखापतीनंतर मेंदू कसा सावरतो, आणि त्या हाताशी आपण कसं वागतो. पहिलीवर आपला काहीच ताबा नाही, दुसरीवर थोडा आहे, तिसरीवर मात्र पुष्कळ आहे. या प्रकरणाचा भर तिसरीवर आहे. पण पहिल्या दोन समजल्याशिवाय तिसरीचं मोल कळत नाही, म्हणून सुरुवात मेंदूपासून करू.

१. दोष हातात नसतो

अंगावरून वारं गेलं आणि हात लुळा पडला, तरी त्या हाताचे स्नायू, हाडं, सांधे, नसा सगळं धड असतं. बिघाड मेंदूत झालेला असतो. मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. दर पाच झटक्यांपैकी साधारण चार गुठळीमुळे येतात. रक्त थांबलं की काही मिनिटांतच पेशी मरू लागतात. मोठी वाहिनी बंद झाली असेल तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात, असा हिशेब अमेरिकी मेंदूतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडला.

म्हणून तोंड अचानक वाकडं झालं, हात गळून पडला, बोलणं अडखळलं, यांतलं एकही लक्षण दिसलं की सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय ताबडतोब गाठायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. हात पुढे किती सुधारेल, याचा पाया याच तासांत घातला जातो.

यावरून हेही लक्षात येईल, की हातावर काही चोळून मेंदूतला बिघाड दुरुस्त होत नाही. तेलाच्या मालिशने बरं वाटतं, कातडी मऊ राहते, पण त्याने हालचाल शिकली जात नाही. कबुतराचं रक्त लावल्याने लकवा बरा होतो हा समज आपल्याकडे अजून आहे. त्याला काहीही आधार नाही, आणि त्या खटपटीत पहिले तास गेले तर नुकसान भरून येत नाही.

२. मेंदूतला हाताचा वाटा

कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात वाइल्डर पेनफिल्ड नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. अपस्माराच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना ते रुग्णाला जागं ठेवत आणि मेंदूच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी विजेचा अगदी सौम्य स्पर्श करून काय होतं ते पाहत. एका ठिकाणी स्पर्श केला की अंगठा हले, थोडं पुढे ओठ, आणखी एका ठिकाणी पाऊल. अशा असंख्य नोंदींवरून त्यांनी आणि एडविन बोल्ड्री यांनी १९३७ साली मेंदूतल्या शरीराचा नकाशा प्रसिद्ध केला.

त्या नकाशात अवयवांचे आकार आपल्या ओळखीचे नाहीत. पाठ, पोट, मांडी एवढ्या मोठ्या भागांना थोडीशी जागा, आणि हाताच्या पंज्याला व चेहऱ्याला भलीमोठी. कारण जागा ठरते ती अवयवाच्या आकारावर नव्हे, तर त्याच्या हालचालीतल्या बारकाव्यावर. सुईत दोरा ओवणं, शर्टाचं बटण लावणं, भातात वरण कालवून घास करणं या कामांत प्रत्येक बोटाला वेगळा आदेश लागतो.

हे आदेश मेंदूकडून खाली मणक्यातल्या मज्जारज्जूकडे नेणारे तंतू प्रत्येक बाजूला सुमारे दहा लाख असतात. मेंदूच्या तळाशी त्यांतले बहुतेक बाजू बदलतात. म्हणून मेंदूच्या डाव्या भागात झटका आला की उजवा हात जातो, आणि उजव्या भागात आला की डावा.

३. मग पाय आधी का?

आता मूळ प्रश्नाकडे येता येईल. त्याला तीन कारणं आहेत.

पहिलं कारण रक्तवाहिनीचं. मेंदूतल्या ज्या मोठ्या वाहिनीत गुठळी सर्वांत जास्त वेळा अडकते, ती मेंदूच्या बाहेरच्या बाजूला रक्त पुरवते. हाताचा आणि चेहऱ्याचा भाग तिथेच आहे. पायाचा भाग दोन अर्धमेंदूंच्या मधल्या खाचेत असतो आणि त्याला रक्त मुख्यतः दुसऱ्या वाहिनीतून मिळतं. म्हणून बऱ्याच रुग्णांत पायावरचा घाव मुळातच कमी असतो.

दुसरं कारण कामाच्या स्वरूपाचं. चालण्याची लय ठेवायला मज्जारज्जू आणि मेंदूचा खोडासारखा भाग पुष्कळ मदत करतो, आणि तिथून निघणारे जुने, जाडेभरडे मार्ग शरीराच्या दोन्ही बाजूंना पोचतात. गुडघा थोडा ताठ राहिला, पाऊल थोडं फरपटलं, तरी माणूस चालतो. हाताचं तसं नाही. बोटं वेगवेगळी हलली नाहीत तर बटण लागतच नाही.

तिसरं कारण आपल्या रोजच्या वागण्यात आहे, आणि तेच सर्वांत महत्त्वाचं. एका पायावर चालता येत नाही. संडासला जायचं तरी दुखऱ्या पायावर भार द्यावाच लागतो, त्यामुळे त्याला दिवसभर सक्तीचा सराव मिळतो. हात मात्र दोन असतात. एक पडला की दुसरा त्याचं काम उचलतो: चहाचा कप, मोबाइल, फणी, सगळं धडक्या हाताने होऊ लागतं. दुखऱ्या हाताला दिवसभरात एकदाही काम पडत नाही, आणि ज्याला काम नाही त्याला सराव नाही.

४. पहिले तीन महिने

झटक्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत काही सुधारणा आपोआप होते. मेलेल्या भागाभोवती एक जखमी, सुजलेला पट्टा असतो. तिथल्या पेशी जिवंत असतात, पण काम थांबवून बसलेल्या असतात. सूज उतरली, रक्तपुरवठा सुधारला, की त्यांतल्या काही पुन्हा कामाला लागतात. याच काळात मेंदू नव्या जोडण्या करायला नेहमीपेक्षा जास्त तयार असतो.

ही सुधारणा एका ठरावीक क्रमाने येते. अमेरिकी डॉक्टर थॉमस ट्विचेल यांनी १९५१ साली तो क्रम बारकाईने लिहून ठेवला, आणि पुढे मूळच्या स्वीडनच्या फिजिओथेरपिस्ट सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी त्याचे सहा टप्पे सांगितले. हात आधी पूर्ण ढिला असतो. मग त्यात ताठरपणा येऊ लागतो. मग हालचाल येते, पण गठ्ठ्याने: खांदा उचलायला जावं तर कोपर वाकतं, मनगट मुडपतं आणि मूठ आवळली जाते. पुढे हळूहळू एकेक सांधा वेगळा हलू लागतो. सहसा खांदा आणि कोपर आधी, बोटं शेवटी. आणि मूठ मिटणं आधी, ती उघडणं नंतर. हात या वाटेवर कुठेही थांबू शकतो. प्रत्येकजण शेवटपर्यंत पोचतोच असं नाही.

वेळेबद्दल कोपनहेगनमध्ये ४२१ रुग्णांचा एक अभ्यास झाला, तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. ८० टक्के रुग्णांच्या हाताचं काम तीन आठवड्यांत आणि ९५ टक्क्यांचं नऊ आठवड्यांत आपल्या सर्वोच्च पातळीला पोचलं होतं. "तीन महिन्यांनंतर काही होत नाही" या समजाला अशा आकड्यांचा आधार मिळाला. पण तिथली मोजपट्टी होती जेवणं आणि स्वतःची आवराआवर. ही कामं धडक्या हाताने केली तरी गुण मिळतात. दुखरा हात खरोखर किती शिकला, हे त्यातून कळत नाही.

मग नेटाने सराव नेमका कधी करावा? २०२१ साली अमेरिकेत ७२ रुग्णांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांखेरीज हातासाठी २० तासांचा जादा सराव दिला: एका गटाला पहिल्या महिन्यात, दुसऱ्याला दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान, तिसऱ्याला सहा महिन्यांनंतर. सर्वांत जास्त फायदा दोन-तीन महिन्यांच्या गटाला झाला. अगदी पहिल्या दिवसांत हाताला फार राबवणं मात्र बरं नाही, असं आणखी काही प्रयोगांत दिसलं आहे. थोडक्यात, सुरुवात लवकर पण बेताने करायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जोर लावायचा. नेमक्या याच महिन्यांत आपल्याकडे रुग्ण घरी आलेला असतो आणि उपचार सुटलेले असतात.

५. बोट हलतंय का?

"हात येईल का?" याला डॉक्टर बहुतेक वेळा "बघू या" म्हणतात. पण काही अंदाज बांधता येतो, तोही साध्या तपासणीने.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० साली दोनच गोष्टी पाहिल्या: झटक्यानंतर ७२ तासांच्या आत रुग्णाला बोटं थोडी तरी सरळ करता येतात का, आणि खांदा अंगापासून थोडा तरी बाजूला नेता येतो का. दोन्ही जमत असतील तर सहा महिन्यांनी हाताचं थोडंफार कौशल्य परत मिळण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. दोन्ही जमत नसतील तर २५ टक्के.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. पहिल्या गटाला सांगायचं, की हात सोडून देऊ नका, त्याच्यात दम आहे. दुसऱ्या गटाला सांगायचं, की वाट अवघड आहे, पण चारांपैकी एक जण तिथूनही वर आला आहे.

अंदाजाचं आणखी एक गणित आहे. हातासाठी ६६ गुणांची एक चाचणी स्वीडनमध्ये १९७५ साली तयार झाली, ती जगभर वापरतात. समजा, सुरुवातीला एका रुग्णाला २६ गुण मिळाले. म्हणजे ४० गुण बाकी. सौम्य ते मध्यम दुखापत झालेले पुष्कळ रुग्ण काही महिन्यांत बाकी गुणांपैकी साधारण ७० टक्के मिळवतात असं दिसलं आहे. ४० चे ७० टक्के म्हणजे २८. २६ आणि २८ मिळून ५४. हा ढोबळ आडाखा आहे. त्याच्या गणितावर संशोधकांत वाद आहेत, आणि फार जखमी हातांना तो लागू पडत नाही. कुणाच्याही हातावर त्याच्या आधारे निकाल लिहू नये.

६. न वापरण्याची सवय

आता तिसऱ्या, आपल्या हातातल्या गोष्टीकडे वळू. तिचा शोध माकडांवरच्या प्रयोगांतून लागला.

१८९५ साली इंग्लंडमध्ये मॉट आणि शेरिंग्टन यांनी माकडाच्या एका हातातून मेंदूकडे संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या. हालचालीचे आदेश नेणाऱ्या नसा शाबूत होत्या, तरी माकडाने तो हात वापरणं सोडलं. संवेदनेशिवाय हालचाल होतच नाही, असा अर्थ त्यातून काढला गेला आणि तो दीर्घकाळ टिकला. पुढे अमेरिकेत एडवर्ड टाउब यांनी एक साधी गोष्ट केली: माकडाचा धडका हात बांधून ठेवला. तेव्हा ते संवेदना नसलेला हात वापरू लागलं! म्हणजे हात हलवण्याची क्षमता होती, पण तो वापरायचा नाही हे माकड शिकून बसलं होतं.

हे शिक्षण कसं झालं? शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला हात खरोखरच हलत नव्हता. माकडाने प्रयत्न केला, घास पडला, तोल गेला. तीन अवयवांवर भागत होतं. काही आठवड्यांनी क्षमता परतली, पण तोवर माकडाने प्रयत्न करणंच सोडलेलं होतं. टाउब यांच्या प्रयोगशाळेतल्या माकडांच्या हालांवरून १९८१ साली मोठा वाद उठला आणि त्यांचं काम काही वर्षं थांबलं. पुढे अलाबामा विद्यापीठात त्यांनी हीच कल्पना माणसांसाठी उपचार म्हणून विकसित केली.

उपचार असा: धडक्या हातावर जाड हातमोजा चढवायचा, म्हणजे त्याला काही पकडता येणार नाही. जागेपणीचा बहुतेक वेळ तो मोजा ठेवायचा आणि दुखऱ्या हाताकडून रोज काही तास कामं करून घ्यायची. आज जमलं त्यापेक्षा उद्या जरा अवघड, अशी चढत्या क्रमाने. अमेरिकेतल्या सात केंद्रांमध्ये झटक्याला तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांवर याचा प्रयोग झाला. जागेपणीच्या ९० टक्के वेळी मोजा, रोज सहा तासांपर्यंत सराव, असे दोन आठवडे. २००६ साली निकाल आले: हाताचा वेग आणि वापर लक्षणीय वाढला आणि ती सुधारणा वर्षानंतरही टिकून होती.

हा उपचार सगळ्यांसाठी नाही. मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून सरळ होत असतील तरच त्याचा उपयोग. मोजा घालून गॅसजवळ जायचं नाही, जिना चढायचा नाही, आणि तो घालायचा तो थेरपिस्टच्या देखरेखीखाली.

७. पडीक शेत आणि शेजाऱ्याचा नांगर

न वापरलेल्या हाताचं मेंदूत काय होतं? गावाकडे जे पडीक शेताचं होतं, तेच. मालकाने चार हंगाम नांगर घातला नाही की शेजारी दरवर्षी बांध थोडा थोडा कोरत आत येतो. भांडण न होता, आवाज न होता जमीन जाते.

अमेरिकी संशोधक रँडॉल्फ नूडो यांनी १९९६ साली हे माकडांच्या मेंदूत प्रत्यक्ष पाहिलं. हाताच्या नकाशाचा लहानसा तुकडा निकामी केल्यावर काही माकडांना तसंच सोडलं, तर हाताची शेजारची, घाव न लागलेली जागाही आक्रसली. दुसऱ्या माकडांना मात्र लहान खाचेतून बोटांनी खाण्याच्या गोळ्या काढायचा रोज सराव दिला. त्यांच्यात हाताची उरलेली जागा टिकली, आणि काहींच्या बाबतीत तर पूर्वी कोपराच्या आणि खांद्याच्या मालकीच्या असलेल्या भागापर्यंत पसरली. कसणाऱ्याची जमीन, हा नियम मेंदूतही चालतो.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेली जमीन कुणाच्या नावावर राहील हे कसण्यावर ठरतं. पक्षाघातानंतरच्या सरावाचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे.

८. किती वेळा?

प्रयोगातली माकडं एका बैठकीत शेकडो वेळा बोटं वापरतात. माणसांना किती वापरायला मिळतात? कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडात उपचारांच्या ३१२ बैठकांत बसून मोजलं. जेमतेम निम्म्या बैठकांत हाताच्या उपयोगी हालचालींचा सराव झाला, आणि जिथे झाला तिथे सरासरी ३२ वेळा.

हिशेब करून पाहू. आठवड्यातून तीन बैठका, महिन्यात १२. प्रत्येकीत ३२ आवृत्त्या धरल्या तर महिन्यात ३८४. आता घरी चार छोटी कामं निवडली, प्रत्येक काम २५ वेळा, सकाळ-संध्याकाळ केलं, तर दिवसाला २०० आणि ३० दिवसांत ६,०००. थेरपिस्ट दिशा दाखवतो. संख्या घरातच भरून काढावी लागते.

पण नुसती संख्याही पुरत नाही. जुन्या रुग्णांकडून ३,२००, ६,४०० किंवा ९,६०० आवृत्त्या करून घेतल्या, तर जास्त आवृत्त्यांनी जास्त फायदा झाला असं दिसलं नाही, हेही लँग यांच्याच पुढच्या प्रयोगात कळलं. काम खरं हवं, किंचित अवघड हवं, आणि जमू लागलं की बदलायला हवं.

९. तुमचा हात कुठल्या टप्प्यावर आहे?

रोजच्या कामांतूनच हात शिकवणं हे ऑक्युपेशनल थेरपीचं क्षेत्र. या विषयाची भारतातली पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केली. आपल्या जिल्ह्यात असा थेरपिस्ट आहे का, हे जरूर विचारावं. पुढचं मार्गदर्शन त्याच्या सल्ल्याला पूरक म्हणून घ्यावं.

हात अजिबात हलत नसेल तर धडक्या हाताच्या आधाराने सगळे सांधे दिवसातून दोन-तीनदा हळुवार हलवावेत. दोन्ही हातांची बोटं गुंफून टेबलावर पुढे-मागे सरकवावीत. आरशाचा उपायही इथे उपयोगी पडतो: आरसा मधोमध उभा ठेवून दुखरा हात त्याच्या मागे लपवायचा, आणि आरशात धडक्या हाताचं प्रतिबिंब पाहत दोन्ही हात हलवायचा प्रयत्न करायचा. कापाव्या लागलेल्या हाताच्या जागी जाणवणाऱ्या वेदनांसाठी व्ही. एस. रामचंद्रन यांनी शोधलेली ही युक्ती १९९९ पासून पक्षाघातासाठीही वापरली जाऊ लागली. खर्च फक्त आरशाचा.

हात थोडा हलत असेल तर त्याला मदतनीसाचं काम द्यावं. भाजी चिरताना ताट धरून ठेवणं, पोळीचा डबा दाबून धरणं, टेबल पुसणं, दिव्याचं बटण दाबणं, दार ढकलणं. टॉवेल दोन्ही हातांनी घडी करणं.

बोटं हलू लागली असतील तर बारीक कामं द्यावीत. मटार सोलणं, शेंगा फोडणं, तांदूळ निवडणं, भाकरीचा तुकडा मोडणं, जपमाळेचा एकेक मणी ओढणं, वाती वळणं, नाणी उचलून डब्यात टाकणं. ही कामं रुग्णाला पूर्वीपासून येतात आणि त्यांना अर्थ असतो. अर्थ असलेल्या कामात माणूस जास्त वेळ रमतो.

रबरी चेंडू दाबण्याबद्दल एक सूचना. बहुतेक रुग्णांना मूठ मिटता येते. अडचण ती उघडण्याची असते. हात ताठ आणि मूठ आवळलेली असेल तर दिवसभर चेंडू दाबून उघडण्याचा सराव होत नाही. त्याऐवजी ग्लास पकडायचा आणि मुद्दाम सोडायचा. सोडणं हाच खरा व्यायाम.

काही रुग्णांची हालचाल बरी असते, पण स्पर्श कळत नाही. त्यांनी डोळे मिटून वस्तू ओळखण्याचा सराव करावा: किल्ली की नाणं, खरखरीत की मऊ. आणि उजव्या मेंदूत झटका आलेल्या काहींना डावी बाजूच लक्षात येत नाही. अशांच्या डाव्या बाजूला बसून बोलावं, लागणाऱ्या वस्तू तिथे ठेवाव्यात.

१०. खांदा सांभाळा

खांद्याचा सांधा मुख्यतः स्नायूंच्या पकडीवर टिकतो. स्नायू ढिले पडले की हाताच्या वजनाने तो खाली उतरतो. अशा वेळी रुग्णाला उठवताना हाताला धरून ओढलं तर खांदा दुखावतो, आणि दुखणारा खांदा पुढचा सगळा सराव थांबवतो. म्हणून दंडाला किंवा काखेत धरून ओढायचं नाही. कमरेला आणि पाठीला आधार द्यायचा. बसताना हात उशीवर किंवा टेबलावर ठेवायचा. दाराला दोरी-पुली बांधून हात वर खेचण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. अमेरिकेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना ती टाळायला सांगतात.

पंजा सुजत असेल तर हात उंच ठेवावा. सूज, लाली आणि असह्य ठणका एकत्र दिसले तर लगेच डॉक्टरांना दाखवावं. स्नायू फारच ताठ होऊन मूठ उघडेनाशी झाली, नखं तळव्यात रुतू लागली, तर बोट्युलिनम इंजेक्शनने ताठरपणा साधारण तीन महिने सैल राहतो. ही सैल वेळ सरावासाठी वापरली तरच त्या खर्चाचं चीज होतं.

११. यंत्रं आणि गोळ्या

हात हलवून देणारे रोबो आता मोठ्या शहरांत दिसतात. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोबोचा सराव नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरला नाही. फ्लुऑक्सेटीन या गोळीने हात सुधारतो अशी आशा २०११ साली फ्रान्समधल्या एका प्रयोगाने लावली होती; नंतरच्या मोठ्या चाचण्यांत ती टिकली नाही. मानेतल्या व्हेगस नसेला सरावाच्या क्षणी विजेचं स्पंदन देणारं उपकरण बसवण्याला अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली आहे. त्यातही स्पंदन एकटं काही करत नाही. रुग्णाने हालचाल करायची आणि त्याच क्षणी ते द्यायचं, अशी त्याची रीत आहे. कुठलंही यंत्र सरावाची जागा घेत नाही.

१२. घरच्यांचं काम

आपल्याकडे आजाऱ्याची सेवा मनापासून होते. "बाबा, तुम्ही राहू द्या, मी भरवते," हे वाक्य प्रेमातूनच येतं. पण प्रत्येक वेळी असं झालं की त्या हाताचं एक काम जातं. घास तोंडापर्यंत जायला पाच मिनिटं लागली, वाटी सांडली, तरी थांबायला शिकणं हीच इथली सेवा. रोजच्या धावपळीत सगळ्याच वेळा थांबणं शक्य नसतं. एक जेवण, एक चहा, एक शर्ट एवढं तरी त्या हातासाठी राखून ठेवावं.

याबरोबर एक कटू सत्यही सांगायला हवं. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर एक मोठा प्रयोग झाला. घरच्या माणसाला थोडं प्रशिक्षण देऊन पुनर्वसन त्याच्यावर सोपवलं. २०१७ साली निकाल आला: सहा महिन्यांनंतरच्या परावलंबनात काही फरक पडला नाही. म्हणजे कुटुंबाच्या मायेवर सगळा भार टाकून सरकारला आणि रुग्णालयांना मोकळं होता येणार नाही. मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. पण गडचिरोली-नंदुरबारच्या रुग्णाने दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कुणाकडे जायचं? प्रशिक्षित थेरपिस्ट तालुक्यापर्यंत पोचणं ही औषधांइतकीच निकडीची गरज आहे.

मनाकडेही पाहायला हवं. पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. सराव टाळणाऱ्या माणसाला आळशी म्हणण्याआधी तो खचलेला आहे का हे पाहावं. त्यावर उपचार आहेत.

१३. वर्ष उलटून गेलं असेल तर?

लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात हातासाठी एक खास कार्यक्रम चालतो: तीन आठवड्यांत ९० तास. तिथे आलेल्या २२४ रुग्णांपैकी निम्म्यांच्या झटक्याला दीड वर्ष किंवा त्याहून जास्त काळ झाला होता. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार त्यांचे हात सुधारले आणि सहा महिन्यांनंतरही ती सुधारणा टिकली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही या अभ्यासाची मर्यादा. पण आधी सांगितलेल्या ७२ रुग्णांच्या प्रयोगात सहा महिन्यांनंतर २० तास अपुरे पडले आणि इथे ९० तासांनी फरक दिसला, हे शेजारी ठेवून पाहावं. उशीर झाला असेल तर कष्ट जास्त लागतात, हा त्याचा सरळ अर्थ.

हात पूर्वीसारखा होईल असं वचन कुणी देऊ नये, आणि आता काही होणार नाही असंही कुणी म्हणू नये. लक्ष्य लहान आणि स्वतःचं ठरवावं: या महिन्यात ग्लास धरणं, पुढच्या महिन्यात सदऱ्याचं खालचं बटण. काही पकडता न येणारा, नुसता कागद दाबून धरणारा हातही माणसाला पत्र लिहू देतो, भाजी चिरू देतो, नातवाचा फोटो चिकटवू देतो. त्यापुढे कुठवर जाता येईल, हे त्या हाताला रोज काम देऊनच कळतं.